ॲटम कोणत्या क्रमाने वाचायचा?

'ॲस्ट्रो बॉय'च्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड उघडा. पहिली कथा ॲटमच्या जन्माची. डॉ. तेन्मा नावाच्या शास्त्रज्ञाचा मुलगा टोबिओ अपघातात मरतो, बाप त्याच्यासारखाच हुबेहूब यंत्रमानव बनवतो, आणि मग हा पोरगा उंचीने वाढतच नाही म्हणून चिडून त्याला सर्कशीला विकून टाकतो. ती संपली की दुसरी सुरू होते: कुत्र्यांचे मेंदू वापरून सैनिक तयार करणाऱ्या टोळीची. वाचताना काही खटकत नाही. आधी जन्म, मग पराक्रम, सरळ मामला. पण यातली पहिली कथा १९७५ सालची आहे आणि दुसरी १९६१ची. एक पान उलटताना तुम्ही चौदा वर्षं मागे गेलात.

मजेसाठी वाचत असाल तर काहीच बिघडत नाही, खुशाल वाचा. पण तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत असतात आणि हल्ली कॉमिक्स, मांगा, वेबमालिका यांवर काम करायची इच्छा खूप जणांना असते. 'यंत्रमानवाच्या प्रतिमेचा विकास' असला विषयही मी ऐकलाय. विकास हा शब्द आला की लगेच प्रश्न येतो, कशापासून कशापर्यंत? म्हणजे आधी काय आणि नंतर काय हे ठरवावं लागतं. दीर्घकाळ चाललेल्या मालिकेत ते ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. म्हणून आज ॲटमचं उदाहरण घेऊन बसू. मालिका मुळातच वाचण्यासारखी आहे, त्यामुळे वेळ वाया जाणार नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ओसामु तेझुका यांचा जन्म १९२८चा, शिक्षण वैद्यकशास्त्राचं, मृत्यू १९८९मध्ये. आपल्याकडे त्यांचं 'बुद्ध' बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. ॲटम हे पात्र त्यांनी 'शोनेन' या मुलांच्या मासिकात आणलं. एप्रिल १९५१ ते मार्च १९५२ या अंकांत 'आतोमु ताइशी', म्हणजे 'राजदूत ॲटम', ही मालिका चालली. तीत ॲटम नायक नव्हताच, अनेकांपैकी एक होता. मग एप्रिल १९५२च्या अंकापासून त्याच्या नावाची स्वतंत्र मालिका सुरू झाली, 'तेत्सुवान आतोमु', पोलादी हातांचा ॲटम. ती मार्च १९६८पर्यंत चालली. मधे १ जानेवारी १९६३ला तिच्यावरची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि १९६६च्या शेवटच्या दिवशी १९३ भागांनंतर संपली. अमेरिकेत ती 'ॲस्ट्रो बॉय' या नावाने दाखवली गेली. पुढे इंग्रजी वाचकांसाठी तेच नाव पक्कं झालं. पुस्तकरूपातलं इंग्रजी भाषांतर डार्क हॉर्सने २००२पासून २३ खंडांत काढलं, भाषांतरकार फ्रेडरिक शॉट.

आता 'कालक्रमाने वाचा' असं कुणी म्हटलं तर पहिला प्रश्न विचारा: कुठला काळ?

मासिकात छापून आल्याचा एक क्रम आहे. दुसरा पुस्तकांचा: १९७५पासून आसाही सोनोरामा या प्रकाशनाने 'सन कॉमिक्स' या मालेत ॲटमच्या कथा संकलित केल्या, तेव्हा त्या जुन्या-नव्या अशा रचल्या गेल्या नाहीत. इंग्रजी खंड याच रचनेवर आधारलेले आहेत. आणि तिसरा क्रम कथेच्या आतला, म्हणजे पात्रांच्या आयुष्यात आधी काय घडलं आणि नंतर काय.

इंटरनेटवर 'क्रमाने वाचन' म्हणून ज्या याद्या फिरतात त्या बहुतेक तिसऱ्या क्रमाच्या असतात. चाहत्यांना तो प्रिय असतो, त्यात एक कोडं सोडवल्याचा आनंद आहे. पण ॲटमच्या बाबतीत तो क्रम हाताला लागतच नाही. कथेत ॲटमचा जन्म ७ एप्रिल २००३चा. (ती तारीख प्रत्यक्षात उजाडली तेव्हा साइतामा प्रांतातल्या नीझा शहराने त्याला विशेष रहिवासी म्हणून नोंदवून घेतलं.) ठीक, म्हणजे २००३पासून सुरुवात करायची? तर नाही. जानेवारी १९६७पासून १९६९पर्यंत तेझुकांनी 'साँकेई शिंबुन' या वृत्तपत्रात ॲटमची आणखी एक मालिका काढली. दूरचित्रवाणीवरच्या शेवटच्या भागात ॲटम पृथ्वी वाचवण्यासाठी सूर्याकडे झेपावतो, आणि ही वृत्तपत्रातली मालिका तिथून सुरू होते. परग्रहवासी त्याला वाचवतात आणि पृथ्वीवर परत आणताना काळाचा घोटाळा होऊन तो विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात येऊन पडतो. तिथून त्याला वर्षानुवर्षं काढत आपल्याच जन्माच्या वर्षापर्यंत यायचं आहे. मग सांगा, ॲटमच्या चरित्रात ही कथा शेवटची की पहिली? त्याच्या दृष्टीने शेवटची, जगाच्या दृष्टीने पहिली. वर ती पडद्यावरच्या मृत्यूला जोडून येते, मासिकातल्या कथेला नाही. एकाच ॲटमचं आयुष्य आहे असं धरून चाललात की इथे अडकलात.

असले गुंते लहान पातळीवरही भरपूर आहेत. ॲटमचे आईवडील हे यंत्रमानव त्याच्या नंतर बनवलेले आहेत. म्हणजे मुलगा आईबापांपेक्षा मोठा. शाळेत जाणाऱ्या मुलाला घर हवं, म्हणून घर बांधून दिलं. वाचणाऱ्या पोरांना हे मुळीच खटकलं नसणार, त्यांना दर महिन्याला ॲटम हवा होता. कथेच्या आतला कालक्रम ही नंतरच्या वाचकांची गरज आहे. मालिका चालू असताना ती ना लेखकाची होती ना वाचकाची. संशोधनात तो क्रम वापरायचा असेल तर चाहतेमंडळी कशी वाचतात या विषयासाठी वापरा. तिथे तो सोन्यासारखा उपयोगी आहे.

उरले दोन. मी ॲटम प्रकाशनक्रमाने लावून वाचला, म्हणजे २३ खंड पुढेमागे करत. त्यातून काय दिसतं ते सांगतो.

सुरुवात १९५१ची 'राजदूत ॲटम'. परग्रहावरून माणसांसारखीच माणसं पृथ्वीवर येतात. त्यांचा ग्रह नष्ट झालाय, त्यांना राहायला जागा हवी, खायला अन्न हवं. आधी स्वागत होतं, मग अन्न पुरेनासं होतं, मग द्वेष. तेन्मा एका रसायनाने पाहुण्यांना आक्रसवून नाहीसं करायला लागतो. दोन्ही बाजूंमध्ये बोलणी करायला कोण जाणार, तर जो दोन्हीकडचा नाही तो, यंत्रमानव. हे जपानमध्ये युद्ध हरल्यानंतर सहा वर्षांनी छापलेलं आहे. पराभवानंतर साठ लाखांहून अधिक जपानी सैनिक आणि नागरिक परदेशांतून मायदेशी परत आणले गेले होते, अन्नाची टंचाई सगळ्यांनी भोगलेली होती आणि देशावर अमेरिकन सैन्याचा ताबा होता. ताब्याच्या काळात अमेरिकन सैनिकांकडून मार खाल्ल्याचा आणि भाषा न कळल्यामुळे काहीच बोलता न आल्याचा अनुभव तेझुकांनी नंतर सांगितलाय. मुलांच्या मासिकातली ही गोष्ट म्हणजे रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांची गोष्ट आहे, आणि खलनायक परग्रहावरचा नाही, आपल्यातलाच शास्त्रज्ञ आहे.

कथा म्हणून ती विस्कळीत आहे, खरं सांगायचं तर. पात्रांची गर्दी, मधेच विनोद, ॲटमची ओळख उशिरा. तेन्मा आणि टोबिओचं दुःख तीत आहे, पण मुख्य कथेच्या पोटात, मागचं सांगावं तसं. आता पुन्हा पहिल्या खंडाकडे या. १९७५मध्ये तेझुकांनी तेच दुःख बाहेर काढलं, स्वतंत्र कथा केली आणि सगळ्यांच्या आधी ठेवलं. पुस्तकं वाचणाऱ्याला वाटतं की ही मालिका एका बापाने टाकलेल्या मुलाची. मासिक वाचणाऱ्या मुलासाठी ती दोन जमातींच्या मधे उभ्या असलेल्या मध्यस्थाची होती. तुमचा प्रबंध 'यंत्रमानव आणि कुटुंब' असा असेल आणि पुरावा म्हणून तुम्ही पहिल्या खंडातली पहिली कथा १९५०च्या दशकाच्या नावाखाली दिलीत, तर अख्खं प्रकरण चुकीच्या पायावर उभं राहील. परीक्षकाला जपानी येत नसलं तरी त्याला दोन तारखा वाचता येतात.

इथे तारखांबद्दलच एक सावधगिरी. जपानवरचा अमेरिकेचा ताबा २८ एप्रिल १९५२ला संपला. 'पोलादी हातांचा ॲटम' एप्रिल १९५२च्या अंकात सुरू झाला. किती मोह होतो बघा! 'देश स्वतंत्र झाला त्याच महिन्यात ॲटम नायक झाला.' वाक्य टाळ्या घेणारं आहे. पण मासिकाच्या अंकावरचा महिना आणि अंक बाजारात येण्याचा महिना एक नसतो. जपानी मासिकं पुढच्या महिन्याची तारीख घालून आधीच विक्रीला येतात, आणि काढणाऱ्याने पानं त्याच्याही आधी पूर्ण केलेली असतात. आपल्याकडे दिवाळी अंकातली कथा दिवाळीत लिहिली असं आपण म्हणतो का? तेव्हा ताबा उठणार हे ठाऊक असलेल्या दिवसांतली ही सुरुवात आहे, एवढंच म्हणता येतं. ते कमी नाही.

पुढे १९५३ची 'लाल मांजर' ही मला सुरुवातीच्या वर्षांतली सगळ्यात आवडती कथा. तोक्योजवळच्या मुसाशिनोच्या रानात इमारती येणार, झाडं जाणार, म्हणून एक प्राध्यापक प्राण्यांना शहरावर सोडतो. तेझुकांना त्याचं म्हणणं पटतंय आणि त्याचा मार्ग पटत नाहीये, आणि हे दोन्ही त्यांनी लपवलेलं नाही. ॲटम शहराच्या बाजूने लढतो, पण जिंकल्यावर आनंद फारसा नाही. जपानी अर्थव्यवस्थेची मोठी भरभराट अजून व्हायचीच होती तेव्हाची ही कथा. पुस्तकांच्या क्रमात ती पुढे कुठेतरी येते आणि सत्तरच्या दशकातल्या पर्यावरणाच्या चर्चेचा सूर तिला चिकटतो. १९५३मध्ये ठेवली की तिचं वेगळेपण कळतं.

त्यानंतरची चार-पाच वर्षं मात्र क्रमाने वाचणं जड जातं. सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला शिव्या द्याल. कुणीतरी वेडा शास्त्रज्ञ, कुणीतरी चोरलेलं यंत्र, ॲटमची ऊर्जा ऐन वेळी संपणं, ओचानोमिझु प्राध्यापकांनी दुरुस्ती करणं. पुन्हा पुन्हा तेच. पण यात दोष सगळा कथांचा नाही. ही पानं महिन्याला एकदा वाचायची होती, मधे तीस दिवस वाट बघत. काही भाग तर मासिकासोबत वेगळ्या छोट्या पुस्तिका म्हणून यायचे. सतरा वर्षांचा मजकूर आपण सुट्टीच्या दीड महिन्यात संपवतो आणि मग 'पुनरावृत्ती' असा शेरा मारतो. पुनरावृत्ती आहेच, पण ती मोजताना वाचनाचा वेगही लिहा.

१९६१च्या 'हॉट डॉग' टोळीच्या कथेत शाळामास्तर हिगेओयाजींचा कुत्रा पळवला जातो आणि त्याचा मेंदू एका सैनिकाच्या शरीरात जातो. मालकाला ओळखावं की हुकूम पाळावा अशी त्याची ओढाताण. फार चांगली कथा आहे ही. आता पुस्तकात ती १९७५च्या जन्मकथेच्या लगेच नंतर येते, आणि शेजारी शेजारी वाचताना त्यांच्यात एक प्रतिध्वनी ऐकू येतो: तिकडे मेलेल्या मुलाचं यंत्र, इकडे जिवंत कुत्र्याचं यंत्र. हा प्रतिध्वनी खोटा आहे का? मला तसं वाटत नाही. तो आहे, पण तो १९७५चा आहे. दोन कथा एकमेकींशेजारी बसवण्याचा निर्णय हीसुद्धा एक कृती आहे आणि तिलाही तारीख असते. पुस्तकांचा क्रम टाकाऊ म्हणून फेकून देऊ नका तो यासाठी. तो चाळिशीच्या उत्तरार्धातले तेझुका स्वतःच्या तरुणपणाकडे कसे बघत होते याचा कागद आहे. सन कॉमिक्समध्ये तर ते स्वतः चित्रात येऊन उभे राहतात आणि वाचकाशी बोलतात, ही कथा कशी सुचली, तेव्हा काय चाललं होतं. गोड माणूस, ऐकत राहावंसं वाटतं. पण संशोधक म्हणून ऐकताना लक्षात ठेवा, हा साक्षीदार घटनेनंतर दहा-वीस वर्षांनी बोलतोय.

१९६४कडे येऊ. जून १९६४ ते जानेवारी १९६५ या अंकांत 'पृथ्वीवरचा सर्वश्रेष्ठ यंत्रमानव' ही कथा आली. तुमच्यापैकी अनेकांनी २०२३मध्ये नेटफ्लिक्सवर 'प्लूटो' पाहिलं असेल. ते नाओकी उरासावांच्या २००३ ते २००९च्या मांगावर आधारलेलं आणि तो मांगा या कथेवर. एका सुलतानाला जगावर छाप पाडायची आहे, म्हणून तो प्लूटो नावाचा राक्षसी यंत्रमानव बनवून घेतो आणि जगातल्या सात बलाढ्य यंत्रमानवांना एकेक करून संपवायला पाठवतो. स्वित्झर्लंडचा, स्कॉटलंडचा, तुर्कस्तानचा, जर्मनीचा, ग्रीसचा, ऑस्ट्रेलियाचा, आणि जपानचा ॲटम. ॲटमची ताकद एक लाख अश्वशक्तीवरून दहा लाखांवर नेली जाते.

मालिकेतली ही सगळ्यात गाजलेली कथा, आणि वाचनाच्या क्रमाचा सगळ्यात मोठा बळी. उरासावा आधी वाचून मग इथे आलेला वाचक प्रत्येक यंत्रमानवाच्या मरणाला थांबतो, त्याच्या डोळ्यांसमोर गेझिष्ट आणि त्याची बायको असते. मूळ कथेत गेझिष्टला जेमतेम थोडी पानं मिळतात. मूळ कथा धावते. कोण कोणाला हरवणार या मुलांच्या शाळेतल्या भांडणावर ती चालते, आणि चालता चालता त्या भांडणाचीच चव बिघडवते. मरणारे एकेक यंत्रमानव सज्जन आहेत, प्लूटोही हळूहळू सज्जन व्हायला लागतो, आणि शेवटी सगळं कशासाठी होतं याचं उत्तर कुणाकडेच नसतं. माझ्या मते ती उरासावांच्या आवृत्तीपेक्षा कमी खोल आणि जास्त निर्दय आहे. तिला तिच्या जागी, म्हणजे त्याआधीच्या बारा वर्षांच्या मारामाऱ्यांनंतर, वाचलं तर हे कळतं. जी युक्ती लेखक इतकी वर्षं वापरत आला तिच्याबद्दल त्याला आता शंका यायला लागली आहे.

ऑक्टोबर १९६४मध्ये तोक्योला ऑलिंपिक झालं. म्हणजे ही मालिका चालू असतानाच. देशोदेशीचे बलवान, एकेकाची कुस्ती, पाहणारं जग. लगेच पेन उचलू नका. तारखा जुळतात म्हणून ऑलिंपिकचं वाचन शक्य होतं, एवढंच. त्यापुढे जायला चित्रांत खेळाची, मैदानाची, झेंड्यांची खूण दाखवावी लागेल किंवा त्या वेळचा लेखकाचा मजकूर. तोवर तळटीपेत ठेवा. तुमच्या गाईडना ही तळटीप आवडेल आणि प्रकरणाचं शीर्षक म्हणून मुळीच आवडणार नाही.

मग ऑक्टोबर १९६५ ते मार्च १९६६, 'निळा सरदार'. माणसांच्या अत्याचारांना कंटाळून यंत्रमानवांचं स्वतंत्र राष्ट्र मागणारा, माणसांवर शस्त्र उगारणारा निळा स्वार येतो. आणि ॲटम, जो पंधरा वर्षं मध्यस्थ होता, तो यंत्रमानवांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. तेझुकांचं स्वतःचं मत या कथेबद्दल चांगलं नव्हतं. ॲटमला बंडखोर करा असा तेव्हा आग्रह होता आणि इथूनच त्याची लोकप्रियता घसरली, असं त्यांनी नंतर लिहिलंय. बहुतेक अभ्यासक हे वाक्य जसंच्या तसं उचलतात. मला ते पटत नाही. लोकप्रियतेबद्दल ते बरोबर असतील, तो त्यांचा धंदा होता. पण १९५१पासून वाचत आलेल्याला हा ॲटम बाहेरून लादलेला वाटत नाही. पहिल्याच कथेत माणसं पाहुण्यांना संपवायला निघाली होती आणि ॲटम त्यांना थांबवत होता. पंधरा वर्षं थांबवूनही माणसं तशीच राहिली. मग एकदा तरी त्याने बाजू बदलणं ओघानेच येतं. गंमत म्हणजे त्याच महिन्यांत दूरचित्रवाणीवर ॲटम दर आठवड्याला येतच होता, मालिका संपायला अजून बराच अवकाश होता. एका घरात दोन ॲटम. मुलं कोणत्या ॲटमवर विश्वास ठेवत असतील?

हे दोन ॲटम पुढे छापील रूपातही दिसतात. जानेवारी १९६७ ते मार्च १९६८ 'शोनेन'मधली मालिका आणि वृत्तपत्रातली मालिका एकाच वेळी चालू होत्या. वृत्तपत्रातला ॲटम व्हिएतनाममधल्या एका खेड्यात पोचतो आणि वरून पडणाऱ्या अमेरिकन बॉम्बपासून गावाला वाचवायचा प्रयत्न करतो. हे युद्ध चालू असताना, रोजच्या वर्तमानपत्राच्या कागदावर, खऱ्या बातम्यांच्या शेजारी. इंग्रजी पुस्तकांत ही मालिका सहाव्या खंडापासून येते, म्हणजे पन्नाशीतल्या अनेक कथांच्या आधी. तिथून परत लहान, गोलमटोल, पन्नाशीतल्या ॲटमकडे जाणाऱ्या वाचकाला तो भाबडा वाटायला लागतो. लेखकाने भोळेपणा टिकवून ठेवला असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात त्याने तो आधीच सोडलेला असतो.

तर मग 'प्रतिमेचा विकास' सापडतो का? मला सरळ रेषा सापडत नाही. 'आधी मुलांची करमणूक, नंतर गंभीर राजकीय' हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते १९५१समोर टिकत नाही. सगळ्यात राजकीय कथांपैकी एक अगदी सुरुवातीला आहे, सगळ्यात मारामारीची कथा तेरा वर्षांनंतर. पुढेमागे झोके आहेत, आणि त्यांची कारणं बऱ्याचदा लेखकाच्या विचारांपेक्षा बाहेरची: मासिक, संपादक, दूरचित्रवाणी, वृत्तपत्र. तुमचा विषय मंजूर व्हायचा असेल तर 'विकास'ऐवजी हे झोके आणि त्यांची माध्यमं हा विषय जास्त खरा आहे.

आता सगळ्यात किचकट गोष्ट. वर मी सारखं '१९५३ची कथा', '१९६४ची कथा' म्हणतोय, पण तुमच्या हातात जे पुस्तक आहे त्यातली पानं त्या साली छापलेलीच आहेत असं समजू नका. तेझुका आपल्या जुन्या पानांत सतत हात घालत. पुस्तकाच्या आकारात बसवण्यासाठी चौकटी कापल्या, जोडल्या, काही पुन्हा काढल्या. त्यामुळे एकाच कथेत दोन चौकटी शेजारी शेजारी दिसतात आणि एकीतली रेघ पन्नाशीतली गोल, दुसरीतली नंतरची सराईत. भाषांतरकार शॉट यांनीही याकडे लक्ष वेधलंय. म्हणजे रेखाटनशैलीवरून काळ ठरवणं इथे धोक्याचं. मूळ मासिकातली पानं जशीच्या तशी छापणारी जपानी आवृत्ती २००९पासून निघाली, तेव्हा कुठे पडताळणी सोपी झाली.

मराठीच्या विद्यार्थ्यांना हे नवं वाटायला नको. ज्ञानेश्वरी १२९०ची, आणि तिचे पाठ एकनाथांनी १५८४मध्ये शुद्ध केले. राजवाड्यांनी १९०९मध्ये जुन्या पोथीवरून वेगळी प्रत छापली आणि तेव्हापासून भाषेचा पुरावा म्हणून कोणती ओवी कोणत्या प्रतीतून घेतली हे सांगितल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. ॲटमच्या बाबतीत संपादक आणि कवी एकच माणूस आहे, एवढाच फरक. आणि त्यामुळे काम अवघड होतं, कारण लेखकानेच बदललं तर तक्रार कुणाकडे करायची?

म्हणून व्यवहारात काय? वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक कथेसमोर किमान दोन तारखा लिहा, पहिल्यांदा कधी आणि कुठे छापली, आणि तुम्ही वाचत असलेलं रूप कधीचं. तिसरा रकाना ठेवा, ही तारीख तुम्हाला कुठून कळली. हा रकाना भरताना हात दुखतो, पण तोंडी परीक्षेत तोच कामी येतो. आणि 'शोनेन'चे जुने अंक आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मिळणार नाहीत, जपानी येत नसेल तर मिळूनही उपयोग नाही. त्याला लाजू नका. 'डार्क हॉर्सच्या इंग्रजी आवृत्तीतला ॲटम' हा विषय पूर्णपणे सन्माननीय आहे, फक्त शीर्षकात तसं लिहा आणि चौकटींच्या मांडणीवरून १९५२बद्दल विधानं करू नका. कथानकाबद्दल करता येतील, तीही जपून.

पहिल्यांदाच वाचणार असाल तर 'राजदूत ॲटम' आधी शोधा, मग 'लाल मांजर', मग हॉट डॉग टोळी, सर्वश्रेष्ठ यंत्रमानव, निळा सरदार, आणि त्यानंतर वृत्तपत्रातली मालिका. १९७५ची जन्मकथा सगळ्यात शेवटी. उरासावा त्याच्याही नंतर, आधी पाहून झालं असेल तर नाइलाज. एवढ्या कथा हाताळल्या की बाकीचे खंड कुठेही उघडा. आणि जन्मकथा शेवटी वाचताना सर्कशीचं पान जरा निवांत बघा. ते काढणाऱ्या माणसाला त्या मुलाचं पुढे काय काय होणार हे सगळं माहीत आहे, मासिक बंद पडल्यालाही तोवर सात वर्षं झालीत.